गाण्याची वर्गणी आणि पावतीची स्थळप्रत



मागच्या महिन्यातील एका रविवारी विहारात वंदना आटोपली आणि मी चपला घालत होतो. तेवढ्यात मार्कंड्याच्या बाजूच्या एका गावातील चार मुले आणि दोन मुली माझ्याकडे आल्या. त्यांचे गायनाचे पथक आहे. जयंतीला, वर्षावासाच्या समारोपाला, कोणाच्या घरी पुण्यानुमोदन असले तर तिथेही ते गातात. त्यांच्यातली एक मुलगी पुढे होऊन म्हणाली, “दादा, पाच गाने रेकॉर्ड कराचे हायेत. पैसा आमच्यापासी नाही. म्हनून मोबाईलवरून लोकायले मांगाव म्हनतो. तुमी हिशेबाचं पाहान का?”

मी बी.कॉम. झालेला, नोकरीने लिपिक. त्यामुळे जिथे चार लोकांचा पैसा गोळा होतो तिथे खजिनदार म्हणून लोकांना माझी आठवण येते. मी हो म्हणणारच होतो. तेवढ्यात ती हळूच बोलली, “माझ्या मायनं तुमाले वीस रुपये देल्ले होते दादा. क्यासेटीचे.”

मी काहीच बोललो नाही. घरी आलो, कपाट उघडले. ते का उघडले हे पुढे सांगतो. आधी या मुलांना जे करायचे आहे ते काय आहे, ते समजून घेऊ.

आधी पैसा, मग गाणे

पूर्वी गाणे ध्वनिमुद्रित करायचे तर कंपनीच्या दारात जावे लागे. कॅसेटच्या काळात आपल्या कितीतरी गायकांना कंपनीने एकरकमी पैसे दिले, कागदावर सही घेतली आणि विषय संपला. पुढे त्या कॅसेटच्या किती प्रती खपल्या, हे गाणाऱ्याला कळतही नसे. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर १५-१६ ऑक्टोबरला किंवा मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत दुकानातल्या कर्ण्यावर गाणे वाजत असे आणि ते लिहिणारा कवी त्याच गर्दीत, खिशात परतीच्या भाड्यापुरते पैसे घेऊन फिरत असे.

आता जगभरचे गायक-वादक वेगळा मार्ग धरू लागले आहेत. गाणे तयार होण्यापूर्वीच ते आपल्या श्रोत्यांना सांगतात, “आम्हाला अमुक गाणी करायची आहेत, इतका खर्च आहे, तुम्ही थोडे थोडे द्या. गाणे झाले की पहिले तुमच्या हाती देऊ.” इंग्लंडमधल्या मॅरिलियन या वाद्यवृंदाच्या चाहत्यांनी १९९७ साली सुमारे ६० हजार डॉलर आपापसांत जमवून त्यांचा अमेरिकेचा दौरा घडवून आणला. २००१ च्या त्यांच्या गीतसंग्रहासाठी तर १२ हजारांवर चाहत्यांनी, एकही गाणे ऐकण्याआधी, पैसे भरले. मारिया श्नायडर या अमेरिकेतील संगीतकार बाईंचा असाच श्रोत्यांच्या पैशावर तयार झालेला संग्रह दुकानात विकायला ठेवलाच नव्हता. तरी २००५ साली त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. २००९ मध्ये किकस्टार्टर निघाले आणि हा प्रकार सर्वांच्या ओळखीचा झाला. आपल्याकडे मुंबईत विशबेरीने २०१२ पासून काही वर्षे कलावंतांसाठी असे पैसे उभे करून दिले.

ही नवलाई आपल्याला मात्र फार नवी वाटायला नको. १९७६ चा ‘मंथन’ चित्रपट गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन काढला. आणि आपण तर वर्गणीवरच वाढलेली माणसे! विहाराची वीट वर्गणीची, जयंतीचा मंडप वर्गणीचा, मुलांच्या वसतिगृहाची पोळीसुद्धा वर्गणीची. १९२० मध्ये ‘मूकनायक’ निघाले तेव्हा छत्रपती शाहू महाराजांनी २,५०० रुपये दिले. पण १९२७ मध्ये सुरू झालेल्या ‘बहिष्कृत भारत’ला पैशाची ओढाताण शेवटपर्यंत सुटली नाही. वाचकांवर पत्राचे ऋण असते, या विषयावर बाबासाहेबांना त्याच पत्रात अग्रलेख लिहावा लागला. स्तंभच्या स्तंभ ते एकहाती लिहीत आणि पत्र चालवण्यासाठी पैशाचीही चिंता करीत. म्हणजे श्रोत्याने आणि वाचकाने आधी हात पुढे करावा, ही शिकवण आपल्या घरातलीच आहे.

झाडीपट्टीचा दाखला

आपल्या भागात तर याचे उदाहरण दर हिवाळ्यात डोळ्यांसमोर असते. धान घरात आले की वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्यांची बोलणी सुरू होतात. गावातले मंडळ कंपनीशी रक्कम ठरवते, विसार देते, तिकिटे विकते, आणि रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. मधूनमधून गाणी असतात, ऑर्गन असतो, तबला असतो. सरकारी अनुदानाची वाट पाहत झाडीपट्टी बसली असती तर ती केव्हाच संपली असती. तिला जगवले तिकीट काढून थंडीत घोंगडी घेऊन बसणाऱ्या प्रेक्षकाने. कुरखेडा तालुक्यातील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, त्या सन्मानात या प्रेक्षकांचाही वाटा आहे, असे मी मानतो.

पण झाडीपट्टीत एक उणीव राहिली. रात्रीचे गाणे रात्रीच विरते. २०२० मध्ये कोरोनाची साथ आली, हंगाम बुडाला, आणि ज्यांचे गाणे कुठेच साठवलेले नव्हते त्यांच्याकडे विकायलाही काही उरले नाही. आपल्या गायन पार्ट्यांचेही तेच. कार्यक्रमात श्रोता उठतो, पन्नासाची नोट पेटीवर ठेवतो, गायक त्याचे नाव पुकारतो. त्या पैशात रात्र निघते, गाडीभाडे निघते. सकाळी हाती काही राहत नाही. तेच पन्नास रुपये त्याच श्रोत्याने गाणे रेकॉर्ड करायला दिले तर ते गाणे त्याच्या नातवालाही ऐकता येईल.

गाणे जपले नाही तर काय जाते, हे हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या कामावरून कळते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात आपल्या आया-बहिणींनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्याही आहेत. त्या जपल्या गेल्या म्हणून आज ऐकू येतात. आपल्या वैनगंगेच्या काठच्या किती ओव्या म्हाताऱ्या बायांबरोबर गेल्या, त्याची मोजदाद कोणाकडे आहे?

कपाटातले पावतीपुस्तक

आता त्या वीस रुपयांचे सांगतो.

२००४ च्या जयंतीपूर्वीची गोष्ट. आमच्या भागात एक वयस्क गायक होते. स्वतः गाणी रचत, स्वतः चाल लावत. आवाज असा की ध्वनिक्षेपक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत जाई. आम्ही तरुणांनी ठरवले, यांची कॅसेट काढायची. मी नुकताच बी.कॉम. झालेलो, म्हणून पावतीपुस्तक माझ्या हाती आले. दहा, वीस, पन्नास, शंभर असे करून २१२ पावत्या फाडल्या. जमा झाले १४,६५० रुपये.

त्याच वेळी जयंतीची वर्गणी कमी पडली. मंडपवाला आणि ध्वनिक्षेपकवाला दारात येऊन बसले. कार्यकर्त्यांची बैठक झाली. “आता कॅसेटच्या पैशातून देऊ, पुढच्या महिन्यात परत टाकू,” असे ठरले. मीही मान डोलावली. मे महिन्यात वामनदादा कर्डक गेल्याची बातमी आली, जूनमध्ये प्रल्हाद शिंदे गेले. आम्ही शोकसभा घेतल्या, भाषणे केली. आणि त्याच पावसाळ्यात आमचे गायकही गेले. पैसे परत टाकायचे राहून गेले होते. कॅसेट झाली नाही. आज त्यांचा आवाज कोणाकडेही नाही.

एक पैसा कोणी घरी नेला नाही, हे मी छातीला हात लावून सांगू शकतो. पण एका खात्याचा पैसा दुसऱ्या खात्यात गेला, आणि ज्यांनी दिला त्यांना आम्ही कधी सांगितले नाही. त्यांनीही विचारले नाही. ही गोष्ट मला फार लागते. आपली गरीब माणसे वीस रुपये देतात आणि विचारत नाहीत. पुढच्या वेळी मात्र देताना हात आखडतो. मग आपण म्हणतो, समाज साथ देत नाही!

पावतीपुस्तकाची स्थळप्रत अजून माझ्याकडे आहे. त्यात त्या मुलीच्या आईचे नाव सापडले. समोर आकडा वीसचा, खाली माझी सही.

हे पैसे कोणत्या बाजूला लिहायचे?

वाणिज्य शाखेत पहिल्या वर्षी एक गोष्ट शिकवतात. गिऱ्हाइकाने माल मिळण्याआधी पैसे दिले तर ते उत्पन्न नसते. ताळेबंदात ते देण्याच्या बाजूला लिहायचे. माल हाती दिला की मगच ते उत्पन्नात जाते. गाण्यासाठी श्रोत्यांकडून आधी घेतलेले पैसे असेच असतात. खात्यात ७२ हजार दिसले म्हणून आपण ७२ हजारांचे धनी झालो असे नाही, तेवढ्याचे देणेकरी झालो.

मोठमोठ्यांनाही हे जड गेले आहे. २०१२ मध्ये अमेरिकेच्या अमांडा पामर या गायिकेला सुमारे २५ हजार चाहत्यांनी जवळजवळ १२ लाख डॉलर दिले. नंतर त्यांनी दौऱ्यात गावोगावच्या वादकांना बिनपैशाने वाजवायला बोलावले, तेव्हा लोकांनी त्यांना धारेवर धरले आणि शेवटी वादकांना पैसे द्यावे लागले. लोकांचा पैसा घेतला की लोक विचारतात, आणि विचारलेच पाहिजे. त्याहून वाईट गोष्ट प्लेजम्युझिक कंपनीची. २००९ पासून ती कलावंतांसाठी चाहत्यांचे पैसे गोळा करीत होती. २०१९ मध्ये ती बुडाली आणि श्रोत्यांनी दिलेले पैसे कितीतरी कलावंतांपर्यंत पोहोचलेच नाहीत. म्हणून पैसा मधल्या कोणाच्या हाती किती दिवस राहतो, हे आधी पाहावे.

चांगली उदाहरणेही आहेत. ओडिशाचे रॅप गायक सुमीत सामोस यांना २०२१ मध्ये ऑक्सफर्डला शिकायला जायचे होते. त्यांनी लोकांना हाक दिली आणि काही तासांत लाखो रुपये उभे राहिले. तो पैसा शिक्षणाचा होता, गाण्याचा नव्हे. पण गाणाऱ्यावर विश्वास बसला की आपली माणसे मुठी कशा उघडतात, ते त्यातून दिसले.

मुलांना सांगितलेल्या गोष्टी

पुढच्या रविवारी मी त्या मुलांना घरी बोलावले. त्यांनी खर्चाचा कागद आणला होता. स्टुडिओ आणि मिश्रण ३० हजार, ढोलकी-बासरी-कीबोर्ड वाजवणारे २० हजार, चित्रीकरण १५ हजार, जाणे-येणे आणि जेवण ७ हजार. एकूण ७२ हजार. प्रत्येकी २०० रुपये धरले तर ३६० माणसे लागतात. पाच-सहा गावे आणि मुंबई-पुण्याला कामाला गेलेली आपली मुले धरली तर ही संख्या अशक्य नाही. मी त्यांना जे सांगितले ते इतर पथकांच्याही उपयोगी पडेल, म्हणून येथे देतो.

पहिली गोष्ट, खाते वेगळे ठेवा. जयंतीचे खाते, विहाराचे खाते आणि गाण्याचे खाते एक करू नका. बँकेत दोघांच्या सहीचे खाते उघडा आणि त्याच खात्याचा क्यूआर कोड लोकांना द्या. कोणा एकाच्या मोबाईलवर पैसे घेऊ नका. ज्यांच्याकडे साधा मोबाईल आहे त्या आया-बायांसाठी छापील पावतीपुस्तक ठेवाच.

दुसरी गोष्ट, ठरलेली रक्कम ठरल्या तारखेपर्यंत जमली नाही तर पैसे परत. हे आधीच लिहून द्या. किकस्टार्टरचा नियम असाच आहे. रक्कम पूर्ण झाली नाही तर देणाऱ्याच्या खात्यातून काही कापले जात नाही. अर्ध्या पैशात अर्धे गाणे होत नसते.

तिसरी गोष्ट, देण्याघेण्याचे वायदे बेताने करा. समजा ५०० रुपये देणाऱ्याला पेनड्राइव्ह घरपोच देऊ म्हटले आणि त्याला टपालासह २५० रुपये लागले, तर गाण्याला उरले २५०. त्यापेक्षा गाण्याच्या शेवटी देणाऱ्याचे नाव दाखवा. आपल्या माणसाला नावाचे अप्रूप पेनड्राइव्हपेक्षा जास्त आहे.

चौथी गोष्ट, कायदा. एका आर्थिक वर्षात नातेवाईक नसलेल्यांकडून मिळालेल्या भेटीची रक्कम ५० हजारांच्या वर गेली तर ती सगळीच उत्पन्नात दाखवावी लागते. गाण्याच्या बदल्यात पैसे घेतले असतील तर तो व्यवसाय होतो, त्याची जमाखर्चाची वही ठेवावी. परदेशात नोकरी करणाऱ्या भारतीय नागरिकाने आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे चालतात. पण ज्याने तिकडचे नागरिकत्व घेतले, तो आपल्याच गावचा असला तरी त्याची देणगी विदेशी ठरते आणि त्याला केंद्र सरकारकडची नोंदणी किंवा परवानगी लागते.

पाचवी गोष्ट, गाणे लिहिणाऱ्याचा हक्क. २०१२ च्या दुरुस्तीने कवी आणि संगीतकाराचा मानधनातला वाटा कायद्याने राखून ठेवला आहे. पथकात गाणे कोणी लिहिले, चाल कोणाची, गायले कोणी, हे रेकॉर्डिंगच्या आधी कागदावर आणा. पुढे पैसा आला की मैत्रीत वाद होतात, तेव्हा तो कागद कामी येतो.

यूट्यूबवर विसंबून राहू नका, हेही सांगितले. जाहिरातीचा वाटा मिळायला १,००० सदस्य आणि वर्षात ४,००० तासांचे पाहणे लागते. त्यानंतरही सुरुवातीला हाती येते ते चहापाण्यापुरतेच.

आणि घरातल्या सर्वांसाठी एक सूचना. पैसे देताना क्यूआर स्कॅन करून पिन टाकतात. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. गायकाच्या नावाने कोणी तसे सांगत असेल तर तो चोर समजावा.

एवढे सगळे ऐकून ती मुलगी म्हणाली, “आनि दादा, गाने झाल्यावर हिशेब विहारात वाचून दाखवू.” हे मी सांगायच्या आधी ती बोलली. मला बरे वाटले आणि थोडी लाजही वाटली.

मग मी स्थळप्रत त्यांच्यासमोर ठेवली आणि सगळी हकिकत सांगितली. त्या वेळचे आम्ही पाच कार्यकर्ते हयात आहोत. चौघांशी मी बोललो आहे. दोघे तयार झाले, एकाने वेळ मागितला, एकाने फोन ठेवून दिला. आम्ही तिघे मिळून १४,६५० रुपये या मुलांच्या खात्यात भरणार आहोत. ती देणगी नाही, म्हणून त्यावर आमची नावे येणार नाहीत. गाण्याच्या शेवटी त्या २१२ जणांची नावे यावीत, एवढीच विनंती मुलांना केली आणि त्यांनी मान्य केली. त्यातले जे आज नाहीत त्यांच्या घरी मी स्वतः जाऊन सांगणार आहे. पहिल्यांदा त्या मुलीच्या आईकडे गेलो. माऊलीने चहा ठेवला आणि म्हणाली, “वीस रुपयाचं का घेऊन बसले जी? गाना होऊ द्या.”

तिने माफ केले, पण तेवढ्याने खाते मिटत नाही. गायकाचा आवाज तर आता कशानेही परत येणार नाही. पाच गाण्यांपैकी एक गाणे त्यांचे आहे. काही म्हाताऱ्या माणसांना त्याचे शब्द पाठ आहेत, चालही थोडी थोडी आठवते. मुले सध्या त्यांच्याकडून ती बसवून घेत आहेत.

तुमच्या गावातही असे पथक असेल. त्यांना वर्गणी द्या, आणि सहा महिन्यांनी हिशेब अवश्य मागा. या मुलांचा जमाखर्च पूर्ण झाला की याच स्तंभात छापीन.

जय भीम!